पूर ओसरल्यावर घराच्या दुरुस्तीसाठी मदत कशी मागावी

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे हेच आकडे ४० आणि ४५. नदीकाठच्या गावांत शाळकरी पोरांनाही हे पाठ असतं. पाणी चढायला लागलं की काय करायचं हे जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. आधी जनावरं हलतात, मग धान्य, मग कागदपत्रं घेऊन माणसं. खरी दमछाक होते ती पाणी उतरल्यावर. दार ढकलून आत पाऊल टाकावं तर घोट्याएवढा गाळ, फुगून न उघडणारं कपाट, छातीएवढ्या उंचीवर उमटलेली पुराची रेघ. हात कुठून लावायचा तेच समजत नाही.

एकट्याच्या बळावर अशा घराची दुरुस्ती होत नाही. मदत लागते, आणि ती असतेही: शासनाची, शेजारपाजारची, पाहुण्यारावळ्यांची, तालीम मंडळांची, मिस्त्री-वायरमनची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर आमच्या भागात मला एक गोष्ट वारंवार दिसली. ज्यांनी नेमकं काम सांगून मदत मागितली त्यांची घरं लवकर मार्गी लागली. ज्यांनी “आमचं सगळं गेलं हो, काहीतरी करा” एवढंच सांगितलं, त्यांच्या दारात बिस्किटांचे पुडे आणि जुन्या कपड्यांची गाठोडी येऊन पडली. त्यांचं नुकसान काही कमी नव्हतं. पण काय करायचं हेच समोरच्याला उमगलं नाही.

हा लेख पहिल्यांदाच पुरात सापडलेल्यांसाठी आहे. नोकरीनिमित्त इकडे येऊन भाड्यानं राहणारे, नदीकाठच्या नव्या कॉलनीत घर घेतलेले, किंवा २०१९ पर्यंत ज्यांच्या उंबऱ्याला कधी पाणी लागलं नव्हतं असे सगळे यात आले. मागायला संकोच वाटतो, हे मी जाणतो. आयुष्यभर कुणापुढे हात न पसरलेल्या माणसाला तर फारच. पण घर पडलेल्यानं शेजाऱ्याकडे फावडं मागणं ही लाचारी नव्हे. पुढच्या वेळी त्याला फावडं द्यायला तुम्हीच जाणार आहात.

आपला पूर कोणत्या जातीचा, ते आधी ओळखा

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बघता बघता चढलं, बाजारपेठ बुडाली आणि मागे राहिला तो चिखल. महाडला सावित्रीच्या पुरातही तेच. कोकणातला पूर वेगानं येतो, वेगानं जातो आणि घरात गाळ भरून जातो. तिथं पहिली गरज माणसांची, पाण्याच्या टँकरची आणि गाळ उचलणाऱ्या ट्रॅक्टरची. तोही लगेच, कारण गाळ एकदा वाळला की कुदळीनं फोडावा लागतो.

कृष्णा-पंचगंगेचं खोरं सपाट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्यात आणि सांगलीच्या गावभागात पाणी आठवडाभर आणि काही ठिकाणी त्याहून जास्त दिवस तुंबून राहिलं. इकडे गाळापेक्षा ओल घात करते. भिंती पाणी पितात, पाया भिजतो, काळी माती फुगते. इथं घाईनं माणसं गोळा करण्याआधी जाणकार नजर लागते: ही भिंत उभी राहील का, या घरात झोपावं का? म्हणून चिपळूणच्या मावशीनं काय केलं ते ऐकून शिरोळमध्ये तसंच करू नका. तिची निकड वेगळी, तुमची वेगळी.

आत जाण्याआधी

मातीच्या किंवा पांढरीच्या (पांढऱ्या मातीच्या) भिंतींचं घर असेल तर पाणी उतरलं म्हणून लगेच आत शिरू नका. पाणी असताना भिंतीला दोन्ही बाजूंनी आधार असतो. पाणी गेलं, ऊन पडलं, की भिजून जड झालेली भिंत बसते. पुरातली बरीच पडझड पाणी ओसरल्यानंतर होते. बाहेरून एक फेरी मारा. भिंत फुगलीय का, कोपऱ्यात वरून खाली तिरकी भेग गेलीय का, तुळई किंवा सरी जागेवरून सरकलीय का, दरवाजाची चौकट वाकडी झालीय का, ते पाहा. यातलं काहीही दिसलं तर पहिली मदत अभियंत्याची मागायची. गावात असाल तर ग्रामपंचायतीमार्फत पंचायत समितीच्या बांधकाम विभागाकडे, शहरात असाल तर पालिकेच्या बांधकाम विभागाकडे लेखी अर्ज द्या. जवळ अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा तंत्रनिकेतन असेल तर तिथल्या स्थापत्य विभागातही जाऊन विचारा. सांगलीत वालचंद महाविद्यालय आहे, अशा ठिकाणी मागायला काहीच हरकत नाही.

विजेचं तर अजिबात धाडस नको. मेन स्विच ओला असेल, किंवा तिथं जाण्यासाठी पाण्यात उभं राहावं लागत असेल, तर त्याला हात लावू नका. महावितरणला १९१२ वर फोन करून खांबावरून पुरवठा बंद करायला सांगा. मीटर पाण्यात गेलं असेल तर ते बदलणं महावितरणचं काम. स्वतः उघडू नका आणि ओळखीच्या वायरमनलाही उघडू देऊ नका. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. साप, गॅस सिलिंडरची गळती, अडकलेलं माणूस, अशा कोणत्याही कारणासाठी तो किंवा ११२ लावा.

आधी फोटो, मग फावडं

तलाठी येईपर्यंत गाळ तसाच ठेवायचा का, असं हमखास विचारलं जातं. ठेवू नका. पण फावडं लावण्याआधी फोटो काढा. प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, भिंतीवरची पुराची रेघ, रेघेशेजारी उभं केलेलं घरातलं एखादं माणूस म्हणजे उंची कळते, पडलेली भिंत आतून आणि बाहेरून, फ्रिज, गिरणी, शिलाई मशीन, गाद्या, धान्याची पोती. एक व्हिडिओ दारापासून सुरू करून न थांबवता सगळं घर फिरून काढा, आणि चित्रित करतानाच तारीख, गाव आणि गल्ली बोला. फोन भिजून गेला असेल तर शेजाऱ्याचा घ्या आणि फोटो लगेच दोन-तीन नातेवाइकांना पाठवून ठेवा. फेकून देण्याच्या वस्तूही फोटोत आल्याशिवाय बाहेर काढू नका.

एक कागद करा

मदत मागण्याच्या कामात मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो हा कागद. वहीचं एक पान घ्या, त्यावर तीन याद्या करा. पहिल्या यादीत आपण घरचीच माणसं करू शकतो ती कामं: भांडी घासणं, कपडे उकळणं, फरशी धुणं. दुसरीत हात लागतात पण कसब लागत नाही अशी कामं: गाळ काढणं, जड कपाटं बाहेर आणणं, ढिगारा रस्त्याच्या कडेला नेणं. तिसरीत कसबी माणसाचं काम: वायरिंग, भिंत, छप्पर, नळ, संडासाची टाकी.

मग प्रत्येक कामापुढे लिहा की किती माणसं, कोणती अवजारं, किती वेळ, आणि हे अडलं तर पुढचं काय अडतं. शेवटचा रकाना सोडू नका. एका घरात सगळे रंगाची चिंता करत होते, तेव्हा संडासाची टाकी गाळानं भरल्यामुळे घरातल्या बायका आडोसा शोधत होत्या. कागदावर उतरवलं की असली कामं आपसूक वर येतात. माझ्या मते क्रम साधारण असा असावा: घर पडणार नाही याची खात्री, मग संडास आणि प्यायचं पाणी, मग एका खोलीत दिवा, मग चूल, मग छत. दारं-खिडक्या, फरशी, रंग हे सगळं नंतर. आधी एक खोली राहण्याजोगी करा, चारही खोल्या एकदम काढू नका.

हा कागद फोनमध्ये फोटो काढून ठेवा. “काय मदत हवी?” असं कुणी विचारलं की त्याच्या हाती हाच द्या. ज्याला जे जमेल ते तो उचलतो.

शासनाकडे मागताना

शासनाची मदत पंचनाम्यावर चालते. गावात महसूल आणि ग्रामपंचायतीची माणसं मिळून घराचा पंचनामा करतात, शहरात पालिकेचे कर्मचारीही सोबत असतात. ते येतील तेव्हा घरातलं एक जाणतं माणूस हजर हवं. जवळ ठेवा: आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, शहरात मालमत्ता पत्रक. कागद वाहून गेले असतील तर तसं पंचनाम्यात नोंदवायला लावा आणि ग्रामपंचायतीतून उताऱ्याची नवी प्रत मागा. बँक खातं चालू आहे आणि आधारशी जोडलेलं आहे हे तपासा. वर्षानुवर्षं न वापरलेलं खातं दिलं की पैसे अडकतात.

पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. त्यात दोन गोष्टी नीट पाहा: पडझड “पूर्ण” लिहिलीय की “अंशतः”, आणि घर “पक्कं” लिहिलंय की “कच्चं”. मदतीची रक्कम याच दोन शब्दांवर ठरते. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांनुसार पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये होते. अंशतः पडझडीला, किमान १५ टक्के नुकसान असेल तर, पक्क्या घरासाठी ६,५०० आणि कच्च्यासाठी ४,००० रुपये. झोपडीला ८,०००, घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तर कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. राज्य शासन एखाद्या मोठ्या आपत्तीनंतर वाढीव दर जाहीर करतं. २०२१ च्या पुरानंतर पूर्ण पडलेल्या घराला १ लाख ५० हजार दिले होते. तेव्हा तुमच्या पुरासाठी निघालेला शासन निर्णय कोणता, ते तहसील कार्यालयात विचारा.

आकडे मुद्दाम दिले. ६,५०० रुपयांत एका खोलीचा गिलावाही होत नाही. शासनाच्या पैशांची वाट पाहत दुरुस्ती थांबवली तर पावसाळा संपून दिवाळी येईल. अर्ज करा, पाठपुरावा करा, पण काम त्याच्यावर टांगून ठेवू नका.

पंचनामा झालाच नाही किंवा चुकीचा झाला, तर तोंडी भांडून उपयोग नाही. तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज लिहा: घर कुठं, पाणी किती दिवस आणि किती उंच होतं, काय पडलं, पंचनामा का चुकला, फोटो जोडले आहेत. दोन प्रती न्या, एक तिथं द्या, दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिला याला पुरावाच नाही. कारकुनाशी नरमाईनं बोला. पुराच्या दिवसांत तोही रात्री उशिरापर्यंत जागतो आणि बऱ्याचदा त्याच्याही घरात पाणी शिरलेलं असतं.

काळ्या मातीवर घर असेल तर आणखी एक. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे भेगा पुराच्या दिवशी न दिसता काही आठवड्यांनी उघडतात. म्हणून पहिल्याच अर्जात लिहा की “जमीन काळी असल्याने वाळल्यावर आणखी भेगा पडण्याची शक्यता आहे, तरी फेरतपासणी व्हावी.” भेग दिसली की तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख घाला, आणि मधोमध प्लास्टर ऑफ पॅरिसचा बोटभर पट्टा आडवा लावा. पट्टा तडकला तर भेग अजून वाढतेय, आणि अभियंत्याला बोलावण्याची वेळ आली.

माणसं मागताना

गाळ काढायला तालीम मंडळं, गणेश मंडळं, कॉलेजची एनएसएसची पोरं, परगावचे गट येतात. मन मोठं असतं, वेळ थोडा असतो. ट्रॅक्स गाडी भरून आलेल्या पोरांना दुपारपर्यंत कुठल्या घरात जायचं हेच कळलं नाही तर ती चौकात उभी राहून परत जातात. म्हणून एकट्या घरानं मागू नका, गल्लीनं मिळून मागा. चार-पाच घरांचे कागद एकत्र करा, एकच माणूस फोन उचलेल असं ठरवा आणि निरोप असा द्या:

“दादा, नमस्कार. आमच्या गल्लीतल्या पाच घरांत अजून गाळ आहे. शनिवारी सकाळी ८ ते दुपारी १ दहा-बारा जण हवेत. फावडी चार आहेत, घमेली आणि खराटे घेऊन या. गमबूट असतील तर घालून या. प्यायचं पाणी, चहा आणि दुपारचं पिठलं-भाकरी आमच्याकडे. वीज बंद आहे, विजेच्या कामाला कुणी हात लावायचा नाही. गाडी शाळेपर्यंतच येते, तिथून आमचा माणूस घ्यायला येईल. किती जण येताय ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगा.”

यात रडगाणं नाही, तरी वाचणाऱ्याला परिस्थिती कळते. त्याला हो म्हणायचं की नाही हे अर्ध्या मिनिटात ठरवता येतं, आणि नाही म्हटलं तरी तुम्ही लगेच दुसऱ्याला विचारू शकता.

आलेल्या पोरांची काळजी ही मागणाऱ्याची जबाबदारी. पायाला जखम असलेल्याला गाळात उतरवू नका. पुराच्या पाण्यात जनावरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच विचारून ठेवा, डॉक्टर सांगतील तर गोळ्या मिळतात. कललेली भिंत पाडणं, पत्र्यावर चढणं, टाकीत उतरणं ही कामं हौशी माणसाला कधीही देऊ नका, कितीही उत्साह दाखवला तरी. टाकीत तर मैला काढणारी यंत्राची गाडीच लावायची, माणूस उतरवायचाच नाही.

शेजाऱ्यांत पैरा करा. भांगलणीला, सुगीला आपण करतोच: आज तुझ्याकडे सगळे, उद्या माझ्याकडे सगळे. म्हातारी एकटी राहते तिचं घर आधी घ्या, तिला मागावं लागू नये. आणि ज्याला श्रम जमत नाहीत त्यानं मुलं सांभाळावी, चहा करावा, तहसीलच्या रांगेत उभं राहावं. तेही कामच आहे.

पुण्या-मुंबईचे पाहुणे फोन करतात, “काय पाठवू?” तेव्हा “काही नको, तुमचा आशीर्वाद आहे” असं म्हणायची आपली सवय. ती सोडा. म्हणा, “मामा, कपडे-भांडी मिळालीत. वायरिंगला सामान अडलंय, इथं दुकानंच पाण्यात होती. दीड एमएमच्या वायरची दोन बंडलं, साधे स्विच बारा आणि एक ईएलसीबी (करंट उतरला की वीज तोडणारा स्विच) पाठवता येईल का? यादी वायरमनच्या हातची पाठवतोय.” मामा खूश होतात. नुसते पैसे पाठवण्यापेक्षा कुणाच्या घरात दिवा लावला हे त्यांना जास्त भावतं.

मिस्त्री आणि वायरमन

पुरानंतर गवंडी, बिगारी, वायरमन सगळ्यांनाच हवे असतात. दर चढतात, माणूस सकाळी एका घरी शब्द देतो आणि दुपारी दुसऱ्याच्या घरी सापडतो. त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. सहा महिने हाताला काम नसतं त्यालाही हेच दिवस सापडतात.

वायरमन आधी शोधा, तोही परवाना असलेला. भिंतीत गाडलेलं वायरिंग पाण्यात गेलं असेल तर वरून सगळं कोरडं दिसतं. पण खालच्या स्विचबोर्डाचे स्क्रू सैल केले की पाईपमधून गढूळ पाण्याची धार लागते. आठवड्यापूर्वी पूर ओसरला असला तरी. असं घर नुसता मेन स्विच पुसून चालू केलं तर भिंतीलाच करंट उतरतो. वायरमनला स्पष्ट सांगा: “मेगर (वायरिंगमधली गळती तपासणारं यंत्र) लावून तपासल्याशिवाय काही चालू करायचं नाही. आधी पुराच्या रेघेच्या वरून एक तात्पुरती लाईन ओढून एक दिवा आणि एक प्लग द्या, ईएलसीबीसकट. बाकीचं सावकाश.” फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटर यांपैकी काहीही “चालतंय का बघू” म्हणून लावून पाहू नका. मोटर उघडून सुकवली तर वाचू शकते, ओली चालू केली तर जळते.

गवंड्याशी बोलताना काम रोजावर देताय की उक्तं (सगळं काम एका ठरलेल्या रकमेत), हे पहिल्या दिवशी ठरवा. पुराच्या कामाला मी रोजंदारी बरी समजतो, कारण गिलावा सोलल्याशिवाय आत काय निघेल हे कुणालाच माहीत नसतं. उक्तं दिलं की आतली कुजकी वीट तशीच झाकली जाण्याची भीती. बोलणं साधारण असं असू द्या:

“मिस्त्री, आधी घर बघून घ्या, दर नंतर बोलू. ही मागची भिंत ठेवायची की उतरवायची ते सांगा.”
“भिंत राहतीय ओ, पण खालचा तीन फूट गिलावा काढावा लागणार.”
“मग हजेरी काय घेणार, बिगारी किती, आणि सामान कोण आणणार?”
“गवंडी एक, बिगारी दोन. सामान तुमचं.”
“चालेल. उचल दोन दिवसांच्या हजेरीएवढीच देतो, दर शनिवारी हिशोब. बाकी कुणाचं काम मधे घेतलंत तर आदल्या दिवशी सांगा.”

हे सगळं वहीत लिहा आणि त्याच्यासमोर वाचून दाखवा. मोठी उचल एकदम देऊ नका. पुराच्या गर्दीत माणसाची नियत चांगली असली तरी त्याचं वेळापत्रक त्याच्या हातात राहत नाही. गल्लीतली तीन-चार घरं मिळून एकच जोडी ठेवलीत तर ती टिकते, कारण तिला महिनाभराचं काम दिसतं. वाळू-सिमेंटही एकत्र मागवा, खेप परवडते.

भिंत वाळू द्या

या एका गोष्टीवर मी हटून बसतो. ओल्या भिंतीवर गिलावा आणि पुट्टी चढवू नका, मिस्त्री “होऊन जाईल” म्हणाला तरी. आठवडाभर पाण्यात राहिलेली नऊ इंची विटांची भिंत पुरती सुकायला महिने जातात. वरून बंद केली की ओल आत कोंडते, लोणा फुटतो म्हणजे पांढरे क्षार वर येतात, बुरशी येते, आणि पुढच्या वर्षी तोच खर्च पुन्हा. हातोडीच्या दांड्यानं गिलाव्यावर ठोका. पोकळ आवाज आला तिथला गिलावा सुटलाय, तो काढून टाका आणि वीट उघडी ठेवा. दारं-खिडक्या उघड्या, पंखा चालू, कपाटं भिंतीपासून हातभर लांब.

सुकली की नाही हे पाहायला फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब साचले असतील तर अजून थांबायचं. दिवाळीला घर उजळ दिसावं असं वाटतं, तर चुन्याचा हात द्या. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर निघते, ऑईलपेंटमधून निघत नाही. रंगासाठी पैसे देऊ करणाऱ्या पाहुण्याला सांगा की उन्हाळ्यात द्या.

भाड्यानं राहत असाल तर

घराच्या दुरुस्तीची मदत मालकाच्या नावे जाते, पण कपडे-भांडी आणि घरातल्या सामानाचं नुकसान तुमचं आहे. पंचनाम्यात तुमच्या कुटुंबाचं नाव वेगळं आलं पाहिजे. भाडेकरार, रेशनकार्ड किंवा त्या पत्त्यावरचं गॅसचं कार्ड पुढे करा, काहीच नसेल तर शेजारच्या दोघांना पंच म्हणून उभं करा. दुरुस्ती कोण करणार हे मालकाशी लेखी ठरवा, निदान व्हॉट्सॲपवर: “काका, वायरिंगचा खर्च मी आत्ता करतो, तो पुढच्या भाड्यातून वळता करायचा, चालेल ना?” काकांचं “चालेल” आलं की मगच पैसे काढा.

विमा आणि बँक

गृहकर्ज असेल तर बँकेत जाऊन विचारा की कर्जासोबत घराचा विमा काढला होता का. पुष्कळांना आपला विमा आहे हेच माहीत नसतं. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा (जनरल इन्शुरन्स) कंपन्यांकडे मिळणाऱ्या “भारत गृह रक्षा” पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं आहे. कंपनीला लगेच कळवा, दावा क्रमांक लिहून घ्या आणि सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत मोडक्या वस्तू शक्यतो टाकू नका. टाकाव्याच लागल्या तर फोटो आणि सर्वेक्षकाची संमती घ्या. दावा नाकारला किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. वकील लागत नाही, फी नाही. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे.

हप्ता भरणं अवघड जात असेल तर थकवण्याआधी बँकेत अर्ज द्या. नैसर्गिक आपत्तीत कर्जाची फेररचना करण्याबद्दल रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत, पण त्या आपोआप लागू होतीलच असं धरून बसू नका, मागा. बचत गटातल्या बायकांनी गटाच्या बैठकीत विषय काढावा, दुरुस्तीसाठीचं छोटं कर्ज तिथून सावकारापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

पुरानंतर फसवणारेही येतात. “तुमची मदत मंजूर झाली, ओटीपी सांगा” असा फोन आला तर बंद करा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पंचनाम्यात नाव घालतो म्हणून पैसे मागणाऱ्याला देऊ नका, ग्रामसभेत नाव घेऊन विचारा.

आणि मागून आणलेल्या वस्तूंची वेगळी नोंद ठेवा: कुणाचा पंप, कुणाची शिडी, कुणाकडून उसने किती. पंप परत करताना गाळ धुऊन, डिझेल भरून द्या. शिडीचा पाय मोडला असेल तर सुताराकडून बसवून घ्या आणि तसं सांगा. ज्या मंडळाची पोरं आली होती त्यांना काम झाल्यावर खोलीचा फोटो पाठवा, आणि शेजारच्या गल्लीत अजून कुणाचं घर राहिलंय ते त्याच निरोपात कळवा.